रेषेबाहेरचे जंगल

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पलीकडे, बोर नदीवरच्या धरणाला वेढून असलेल्या जंगलाला कायद्याचे संरक्षण टप्प्याटप्प्याने मिळत गेले. १९७० साली ६१ चौरस किलोमीटरचे बोर अभयारण्य जाहीर झाले. पुढे ‘नवीन बोर’ आणि ‘नवीन बोर विस्तारित’ ही दोन अभयारण्ये त्याला जोडली गेली. २०१४ साली या तिन्हींचे मिळून १३८.१२ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र ठरले आणि बोर हा देशातला ४७वा व्याघ्रप्रकल्प झाला; त्या वेळचा सर्वांत लहान. साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबूचे हे कोरडे पानझडी जंगल आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, सांबर आणि चितळ तिथे नांदतात. सरकारी मालकीच्या जमिनीभोवती कायद्याने रेष आखायची आणि तिच्या आत निसर्गाला त्याच्या चालीने जगू द्यायचे, या विचाराचे वर्धा जिल्ह्यातले हे ठळक उदाहरण. ही रेष आवश्यक होती, आजही आहे. पण बोरचे भवितव्य त्या रेषेच्या आत ठरणार नाही. ते बाहेरच्या झुडपी जंगलात, गायरानात आणि शेतांच्या बांधावर ठरेल. म्हणून कायद्याचे संरक्षण तिथवर पोहोचले पाहिजे, आणि तिथे ते पोहोचवण्याचा एकमेव टिकाऊ मार्ग गावाच्या हक्कांतून जातो, हे या लेखात मांडायचे आहे.

मुळात रेष कायद्यानेच का आखावी लागते, हे आधी पाहू. सरकारी जमिनीवर अनेकांचा डोळा असतो आणि प्रत्येकाची गरज त्या-त्या वेळी खरीच वाटते. एका वर्षी रस्ता हवा असतो, दुसऱ्या वर्षी खाण किंवा वसाहत. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे घेतला तर दर वेळी थोडेसेच जंगल जाते आणि तीस वर्षांनी काहीच उरत नाही. कायदा या रोजच्या हिशेबातून जमिनीचा एक तुकडा बाजूला काढतो. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार अभयारण्याच्या सीमा बदलायच्या तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. २००६च्या दुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पांना त्याहून भक्कम कवच दिले. तिथे मंडळाबरोबर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचीही संमती लागते. राज्यात कोणतेही सरकार आले तरी एका फाइलवर सही करून बोर मोकळे करता येत नाही. ही अडचण मुद्दाम निर्माण केलेली आहे आणि तीच या कायद्याची खरी ताकद आहे.

याच विचाराचे जगभर गाजलेले रूप अमेरिकेत दिसते. तिथे ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’वर सही केली आणि ९१ लाख एकर सार्वजनिक जमीन एका फटक्यात राखीव झाली. आज हे क्षेत्र ११ कोटी एकरांच्या पुढे गेले आहे. या कायद्याचा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर सही होण्याच्या काही महिने आधीच वारले. त्यांच्या मसुद्यात माणूस हा रानाचा पाहुणा होता. त्याने यावे, पाहावे आणि परतावे. ही कल्पना उदात्त आहे, पण ती रिकाम्या जमिनीची कल्पना आहे. खुद्द अमेरिकेतही ती जमीन रिकामी नव्हती, मूलनिवासींना हटवून ती रिकामी झाली होती. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली लिहिलेल्या निबंधात हाच आक्षेप घेतला. दाट वस्तीच्या, शेती आणि रान शतकानुशतके एकमेकांत गुंतलेल्या देशात हा नमुना जसाच्या तसा आणला, तर त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय कायद्याने हे काही प्रमाणात ओळखले होते. अभयारण्य जाहीर करताना लोकांचे हक्क तपासून नोंदवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाशी विचारविनिमय करून एखादा हक्क अभयारण्यातही चालू ठेवण्याची मुभा त्याला आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. पुढे काय झाले ते पाहण्याआधी बोरच्या आकाराकडे पाहायला हवे.

वाघांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या टिकायची तर किमान वीस प्रजननक्षम वाघिणींना जागा हवी आणि त्यासाठी साधारण ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्वेध जंगल लागते, असे व्याघ्रसंवर्धनाचे शास्त्र मानते. मेळघाटचा गाभा १,५०० चौरस किलोमीटरचा आहे, ताडोबाचा ६२५चा. बोरचा १३८. सगळा गाभा वर्धा जिल्ह्यातच धरला तरी ६,३०९ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याच्या तो अडीच टक्क्यांहून कमी भरतो. म्हणजे बोर हे स्वतःच्या बळावर वाघ टिकवणारे जंगल नाही. त्याचे मोल त्याच्या जागेत आहे. पश्चिमेला मेळघाट, ईशान्येला पेंच, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्याच्या पुढे ताडोबा, अशा मोठ्या जंगलांच्या मधोमध ते आहे. वयात आलेला वाघ जन्मभूमी सोडून निघतो तेव्हा त्याला असा मधला मुक्काम लागतो. बोरमधून बाहेर पडायच्या वाटा बंद झाल्या तर आतल्या वाघांचे रक्त काही पिढ्यांत एकाच घराण्याचे होईल, आणि मग कितीही कडक पहारा ठेवला तरी उपयोग होणार नाही.

या वाटांचे मोल आणि त्यांवरचा धोका या दोन्हींचा पुरावा आपल्याकडे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९च्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याने महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटरची वाटचाल केली होती, बहुतेक शेतशिवारांतून आणि ओढ्याकाठच्या झुडपांतून. याउलट २०१७च्या दोन घटना वर्धेकरांच्या स्मरणात असतील. ब्रह्मपुरी वनविभागात माणसांवर हल्ले केलेल्या एका वाघिणीला पकडून त्या वर्षी जुलैअखेरीस बोरमध्ये सोडण्यात आले. ती तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत ती पाचशे किलोमीटरांच्या आसपास फिरली आणि तिला ठार मारण्याचा आदेशही निघाला. अखेर ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यात पिकाभोवती सोडलेल्या विजेच्या तारेने ती मेली. त्याच वर्षी डिसेंबरअखेरीस बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत ठार झाला. बोरच्या उत्तरेला हा महामार्ग आहे आणि दक्षिणेला डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आहे. समृद्धीवर वन्यजीवांसाठी ओलांडणी मार्ग बांधले गेले, हे चांगलेच झाले. पण पुलाच्या दोन्ही टोकांना झुडूपच उरले नसेल तर जनावर पुलापर्यंत यायचे कसे?

व्याघ्रप्रकल्पाला आता सुमारे ६७८ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आहे आणि ते नागपूर जिल्ह्यातही पसरले आहे. कायद्याच्या दृष्टीने बफर म्हणजे माणूस आणि वन्यजीव यांनी एकत्र नांदण्याची जागा. तिची सीमा ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवावी, असे वन्यजीव कायद्याचे कलम ३८-व्ही सांगते. पण जंगलांना जोडणाऱ्या वाटा बफरच्याही बाहेर जातात. तिथली जमीन कुणाची? काही शेतकऱ्यांची, काही वनविभागाची आणि बरीचशी महसूल खात्याच्या नोंदीतली ‘झुडपी जंगल’ म्हणून असलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा हा खास वारसा आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळात गावाच्या शिवारात गुरांना चरायला, सरपणाला आणि काट्याकुट्यांना अशी जमीन मोकळी ठेवली जाई. १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, ती जमीन सरकारजमा झाली आणि गावाचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात उतरले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा जमीन आली, नोंद आली, पण तिला जंगल म्हणायचे की नाही हा वाद पुढची सत्तर वर्षे भिजत पडला.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे वनच मानावे, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते कायद्याने जंगल, असे तत्त्व घालून दिले होते. हा निकाल त्याच तत्त्वावर उभा आहे. या प्रकरणात वनव्यवस्थापनायोग्य म्हणून पुढे आलेले झुडपी क्षेत्र सहा जिल्ह्यांत मिळून ८६,४०९ हेक्टर आहे. म्हणजे ८६४ चौरस किलोमीटर, बोरच्या गाभ्याच्या सहापटींहून जास्त. अजून महसूल खात्याकडे असलेली जमीन वर्षभरात वनविभागाकडे सोपवावी आणि तीन हेक्टरांहून लहान, जंगलाला लागून नसलेले तुकडे भारतीय वन कायद्याच्या कलम २९ खाली संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत, असेही न्यायालयाने सांगितले. वन्यजीव कायद्याला जी जमीन कधी दिसलीच नव्हती, ती या निकालाने संरक्षणाच्या कक्षेत आणली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, तरवड, बोरी, पळस आणि कुसळांच्या या जमिनीत राखण्यासारखे आहे तरी काय? महसुली नजरेला ती पडीक दिसते आणि वृक्षारोपणाच्या उत्साही नजरेलाही ती रिकामीच दिसते. दोन्ही नजरा चुकतात. लांडगा, खोकड, ससा, तितर आणि अनेक शिकारी पक्षी मोकळ्या झुडपी माळावरच जगतात. घनदाट सागवनात त्यांना जागा नसते. चालणाऱ्या वाघाला दिवसा दडायला ओढ्याकाठचे झुडूप पुरते. पावसाचे पाणी अडवून विहिरींना पोहोचवण्याचे काम हीच जमीन करते. तिथे खड्डे खणून एकाच जातीची झाडे ओळीने लावणे म्हणजे एक परिसंस्था मोडून दुसरी नकली परिसंस्था उभारणे होय. न्यायालयाने पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन वापरण्यावर कडक अटी घातल्या, त्यामागची भूमिका योग्य आहे. एके ठिकाणचे जंगल तोडून त्याची भरपाई दुसऱ्या जंगलातच झाडे लावून दाखवली, तर हिशेबाच्या वहीत तेवढी भर पडते. जमिनीवर काहीच वाढत नाही.

दुसरा आक्षेप विकासाचा आहे. गेल्या कित्येक दशकांत झुडपी जमिनींवर घरे, शाळा, कार्यालये आणि रस्ते झाले आहेत. ते सगळे बेकायदा ठरवायचे का? न्यायालयाने तसे केलेले नाही. १९९६च्या आदेशाआधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना नियमित होण्याची वाट ठेवली आहे, तीही पर्यायी वनीकरणाचा आणि वनमूल्याचा बोजा न टाकता. त्यानंतरच्या वाटपांची छाननी होईल. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे आणि ज्याने व्यापारासाठी जमीन बळकावली, त्या दोघांत निकालाने फरक केला आहे. या फरकाची अंमलबजावणी प्रामाणिकपणे झाली पाहिजे. तलाठ्याच्या आणि भूमापनाच्या नोंदी तपासताना गरिबाचे झोपडे आधी आणि गोदाम नंतर असा क्रम लागला, तर निकालावरचा लोकांचा विश्वास पहिल्याच वर्षी जाईल.

माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा आहे आणि तो न्यायालयाच्या निकालालाही लागू पडतो. जमिनीवर संरक्षणाचा शिक्का बसला, पण तिच्यावर जगणाऱ्यांचे हक्क ठरलेच नाहीत, तर काय होते? याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, बाजारपेठा, बागायती शेती असे सगळेच आले. जमिनीची खरेदी-विक्री आणि लहानसहान बांधकामेही अडली. तीन दशके लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल राग साचत गेला आणि शेवटी अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळपास संपला होता. नकाशावर सर्वांत मोठे असलेले हे संरक्षण जमिनीवर सर्वांत दुबळे ठरले, कारण शिवारातल्या माणसाला त्यात स्वतःचे काही दिसत नव्हते. आता झुडपी जमिनीसाठी कलम २९ वापरले जाणार आहे. त्या कलमात लोकांचे हक्क तपासून नोंदवण्याची अट आहे. पण चौकशी बाकी असतानाही आधी अधिसूचना काढण्याची पळवाट १९२७च्या इंग्रजी राजवटीने त्यातच ठेवली. ती पळवाट वापरली गेली तर माळढोकची चूक लहान-लहान तुकड्यांत, पण सहा जिल्ह्यांत एकदम घडेल.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न कुणाच्या दारात उभा आहे, हे आर्वी, आष्टी, कारंजा भागात दिसते. चपळ, पांढऱ्या गवळाऊ गोवंशाचे हे माहेर. हेटीकुंडीला या जातीचे सरकारी पैदास केंद्र आहे. नंदगवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या या गाई जंगलात आणि झुडपी माळावर चारून सांभाळल्या. चराई बंद झाली तर ही जात गोठ्यातल्या कडब्यावर टिकणार नाही. देशी जनुकांचा एक ठेवा वाघ वाचवताना हातचा जाईल. २००६च्या वनहक्क कायद्याने पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. अडचण पुराव्याची आहे. नंदगवळी अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जंगलावर अवलंबून असल्याचे त्यांना सिद्ध करावे लागते. जुनी निस्तार पत्रके आणि चराईच्या पावत्या इथे पुरावा म्हणून उभ्या राहू शकतात. ज्या महसूल दप्तरातून झुडपी जमीन वनविभागाकडे जाणार आहे, त्याच दप्तरात या लोकांच्या हक्काचे कागद आहेत. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत.

वन्यजीवप्रेमींचा आक्षेप इथे येतो: हक्क दिले की जंगल संपले. चराईने गवत जाते, सरपणाने रोपे जातात. बोरच्या गाभ्यापुरती ही भीती मला मान्य आहे. १३८ चौरस किलोमीटर निर्वेध राहिलेच पाहिजेत आणि आत एखादे गाव असेल तर त्याचे पुनर्वसन राजीखुशीने, कायद्याने ठरवलेल्या अटींवर आणि पूर्ण मोबदल्यासह व्हायला हरकत नाही. पण गाभ्याबाहेर उलटा अनुभव आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने ते जंगल जपले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१२ साली हजारभर हेक्टरांचा हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी आणि जमीन जाळावी लागत होती. शिवाय ३४ हेक्टर जंगल देवाच्या नावाने पूर्ण राखीव ठेवले. उद्याही हे आपलेच असेल, ही खात्री मिळताच एका गावाने स्वतःचे अभयारण्य स्वतः निर्माण केले. ज्याला उद्याची खात्री नाही तो आज मिळेल तेवढे ओरबाडतो. यात त्याचा स्वभाव नाही, परिस्थिती बोलते.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि त्याला टाळून कोणतेही संरक्षण टिकणार नाही. कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतात रोही आणि रानडुकरे घुसतात, रात्र-रात्र जागल करावी लागते, आणि शिवारात वाघाची वार्ता आली की मजूर मिळत नाहीत. वन्यजीवांच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार २५ लाख रुपये देते. पण पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होत नाही आणि मिळणारी रक्कम खर्चालाही पुरत नाही. विजेची तार या हतबलतेतून येते. तिच्यात वाघ मरतो तसा माणूसही मरतो. जंगल मोडल्याने हा त्रास कमी होईल असे मात्र नाही. झुडूप तुटले की त्यातले जनावर नाहीसे होत नाही, ते सरळ पिकात येते. जितके तुकडे अधिक तितकी जंगलाला लागलेली शेतेही अधिक. सलग झुडपी पट्टा राखणे हे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे. शिवाय बोर धरणाचे पाणी सेलू तालुक्यातल्या शेतांना जाते. वरचे जंगल गेले तर धरणात गाळ येईल, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्याला हवी आहे ती वेळेवर भरपाई, सामूहिक कुंपणाला मदत आणि संरक्षणाच्या निर्णयात आवाज. हे तिन्ही देणे सरकारला शक्य आहे.

म्हणून वर्धा जिल्ह्याने पुढच्या काही वर्षांत काय करावे, याचा क्रम मला स्पष्ट दिसतो. झुडपी जमिनीची गावनिहाय यादी ग्रामसभेत वाचली जावी. कलम २९ची अधिसूचना निघण्याआधी निस्तार आणि वनहक्काचे दावे मागवून निकाली काढावेत. बोरला पेंच, मेळघाट आणि उमरेडच्या दिशेने जोडणारे झुडपी पट्टे नकाशावर निश्चित करून तिथे सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभांना व्यवस्थापनाचा अधिकार आणि निधी द्यावा. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आहे. ज्या सरकारी जमिनीला लागून अभयारण्य आहे तिथे गावाच्या सहभागाने तिचा वापर करता येतो. नैसर्गिक संपत्तीची मालकी शासनाकडे विश्वस्त म्हणून असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सांगितले. विश्वस्तपणाची ही कल्पना सेवाग्रामच्या जिल्ह्याला नवी नाही. गांधीजींनी ती आयुष्यभर मांडली. विश्वस्ताचे काम ठेव जपणे आणि ज्यांच्यासाठी ती जपायची त्यांना हिशेब देणे. वाघ, गवळाऊ आणि कापूस पिकवणारा शेतकरी हे तिघेही या ठेवीचे वारस आहेत. बोरची रेष कायद्याने आखली, तशीच तिच्या बाहेरची जमीनही कायद्याने राखली जाऊ शकते. अट एवढीच की, राखण्याचा अधिकार आधी तिथे राहणाऱ्यांच्या नावावर लिहिला जावा.